सारा-ला-कालीच्या यात्रेला

दक्षिण फ्रान्समधील आर्ल शहरातून निघालेली बस कामार्गच्या पाणथळ माळरानातून, भातखाचरे आणि पांढरे घोडे मागे टाकत, तासाभरात साँत-मारी-द-ला-मेर या समुद्रकाठच्या गावी पोहोचते. आम्ही २४ मे रोजी, म्हणजे रोमा (जिप्सी) लोक जिला संत मानून पूजतात त्या सारेच्या मिरवणुकीच्या दिवशीच गेलो.

दंतकथा अशी, की येशूच्या अनुयायी मारी जाकोबे आणि मारी सालोमे यांना पॅलेस्टाइनमधून शीड-वल्ह्यांविना होडीत घालून समुद्रात सोडण्यात आले आणि ती होडी येथे लागली. सारा ही कोणाच्या मते त्यांची सावळी दासी, तर कोणाच्या मते त्यांचे स्वागत करणारी इथलीच स्त्री. चर्चने तिला संतपद दिलेले नाही, पण रोमा भाविकांचे त्यावाचून काही अडत नाही. त्यांच्या भाषेचे मूळ भारतात असल्याने ‘काली’ म्हणजे तेथेही काळीच. मात्र तेवढ्यावरून तिला आपली कालीमाता ठरवणे मला घाईचे वाटते.

किल्ल्यासारख्या चर्चच्या बुटक्या तळघरात तिची मूर्ती आहे. शेकडो मेणबत्त्यांच्या धगीने तेथे घाम फुटतो. भाविकांनी वाहिलेले झगे एकावर एक चढवल्याने मूर्तीचा केवळ काळा चेहराच दिसत होता. एका बाईने कडेवरच्या मुलाचा हात त्या गालावर टेकवला आणि मग स्वतःच्या कपाळाला लावला.

दुपारी दोन्ही मारींच्या अस्थींची पेटी वरच्या देवघरातून दोरांनी खाली उतरवतात. या अस्थी १४४८ साली इथला तेव्हाचा शासक राजा रने याच्या आज्ञेने केलेल्या खोदकामात सापडल्या, असे मानतात. त्यानंतर घोडेस्वार गुराख्यांच्या पहाऱ्यात सारा समुद्राकडे निघते. ही मिरवणूक १९३५ पासूनची. आपल्याला विसर्जन आठवते, पण मूर्ती बुडवत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यातून माघारी आणतात. दोन्ही मारींची मिरवणूक दुसऱ्या दिवशी, २५ मे रोजी असते.

जाणाऱ्यांनी तळघराचे दर्शन सकाळीच उरकावे आणि मिरवणुकीसाठी चौकात न थांबता आधीच वाळूवर जागा धरावी. मुक्काम आर्लमध्ये ठेवल्यास शेवटच्या बसची वेळ उतरल्याबरोबर विचारावी. आम्ही विचारली नाही आणि रात्री टॅक्सीला भरपूर पैसे मोजले. डासांचे मलम अवश्य न्यावे. येथील प्रसिद्ध रस्सा बैलाच्या मांसाचा असतो, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी ताटातल्या कामार्गच्या तांबड्या भातावर भिस्त ठेवण्यापूर्वी त्यावर काय ओतले आहे, हे विचारून घ्यावे.