पाव मिलिमीटरसाठी साडेचार महिने

डाय म्हणजे प्लॅस्टिकचे भाग ओतायचा स्टीलचा साचा. तो बनवणाऱ्या डायवाल्याच्या ऑफिसातल्या बाकावर मी एकोणीस वेळा बसलो. अंदाजे सांगत नाही, डायरीत तारखा आहेत. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. काम होतं पाव मिलिमीटर स्टील काढायचं. बारबेलवरच्या प्लेटा जागेवर धरून ठेवणारा क्लॅम्प मी डिझाइन केला, तो आज आमच्या जिममध्ये रोज वापरात आहे. असं काही बनवायचं ज्याच्या मनात असेल त्याचे तरी साडेचार महिने वाचावेत, म्हणून हे लिहितोय.

मी कोल्हापूरचा. मेकॅनिकल डिप्लोमा, दिवसा एमआयडीसीत व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) प्रोग्रॅमिंग, संध्याकाळी जिम. दोन वर्षांपूर्वी माझा मित्र स्क्वॉट मारत होता, दोन्ही बाजूंना साठ-साठ किलो. वर येताना बार डावीकडे किंचित कलला, स्प्रिंगचं लॉक सरकलं, बाहेरची प्लेट निसटली आणि तिच्यामागोमाग दुसरी. एक बाजू रिकामी झाली की दुसऱ्या बाजूचं वजन बार उलटवतं. उजवं टोक खाली आदळलं, डावं उसळून रॅकवर बसलं. मित्राच्या मानेवरची कातडी सोलली, खांदा दीड महिना धरलेला होता. थोडक्यात वाचला. ते लॉक मी उचलून घरी आणलं, अजून माझ्या टेबलावर आहे.

स्प्रिंग लॉकचं काम साधं असतं. वेटोळ्याचा आतला व्यास बारच्या स्लीव्हपेक्षा, म्हणजे प्लेटा बसतात त्या टोकापेक्षा, थोडा कमी ठेवलेला असतो. कान दाबले की वेटोळं उघडतं, सोडले की आवळतं. रोज शंभर वेळा दाबलं की स्प्रिंग मरते आणि वेटोळं सैल पडतं. बाहेरून मात्र नवं दिसतं, धोका तिथेच आहे. बार दहा अंश कलला तर एका बाजूच्या साठ किलोचा सुमारे दहा किलोइतका जोर बाहेरच्या दिशेने लागतो. एरवी त्यातलं बरंचसं प्लेट आणि स्लीव्हमधलं घर्षणच सांभाळतं, पण बार आदळला की क्षणभर प्लेटा टेकलेल्या नसतात आणि तेवढ्यात त्या सरकतात. २०२२ मध्ये सांगलीच्या संकेत सरगरनं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं, तेव्हापासून आमच्याकडची पोरंही स्नॅच आणि जर्क, म्हणजे बार डोक्यावर उचलायचे प्रकार, करायला लागली. बार डोक्यावरून खाली सोडला जातो. तिथे मेलेली स्प्रिंग ठेवणं मला गुन्हा वाटतो.

स्पर्धेतले कॉलर (तिथलं लॉक) वेगळे. धातूचे, पिळून घट्ट करायचे, प्रत्येकी अडीच किलोचे आणि उचललेल्या वजनात मोजले जाणारे. ते उत्तम आहेत, पण संध्याकाळी सात वाजता एका बारवर चार जण पाळीनं व्यायाम करतात तिथे दर सेटला ते पिळत बसायला कुणी तयार नसतं. मला एका हातानं, एका झटक्यात लागणारी वस्तू हवी होती. म्हणून टॉगल घेतला. बिजागरीनं जोडलेली दोन अर्धी कडी, आत पॉलियुरेथेनचे रबरासारखे पॅड आणि एक खटका. खटक्याचा सांधा मधली रेषा ओलांडून थोडा पुढे गेला की क्लॅम्पचा स्वतःचा ताणच त्याला बंद ठेवतो. हे तत्त्व जुनं आहे, मी शोधलेलं नाही. म्हणून पेटंटच्या मागे न लागता फक्त डिझाइनची नोंदणी केली. तो अर्ज घरी बसून ऑनलाइन भरला, कोलकात्याला जातो, एकट्या माणसाला फी १,००० रुपये. त्यात दिसण्याचं संरक्षण मिळतं, दहा वर्षं आणि पुढे वाढवून पाच. आतल्या यंत्रणेला त्याचा उपयोग नाही. अर्ज भरायच्या आधी वस्तूचा व्हिडिओ कुठेही टाकू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा. आधी जाहीर झालेलं डिझाइन नवं धरलं जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम मी डिझाइनच्या आधी केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) घेऊन चार जिममधल्या चौदा बारची स्लीव्ह मोजली. सगळे ‘पन्नासचे’ म्हणून विकलेले. सगळ्यात जाड निघाला ५०.१ मिलिमीटर, सगळ्यात बारीक ४८.६. दीड मिलिमीटरचा फरक! क्लॅम्पची खरी परीक्षा त्या बारीक बारवर असते. म्हणून पॅड बसवल्यावर आतला व्यास ४८.२ धरला, म्हणजे ४८.६ च्या बारलाही पॅड दाबला जाणार आणि ५०.१ ला चार मिलिमीटरचा पॅड जास्त दबून सामावून घेणार. पॅडच्या मागची बैठक, म्हणजे कड्याचा स्वतःचा आतला व्यास, झाली ५६.२. हे आकडे ध्यानात ठेवा, पुढची सगळी भांडणं यांच्यावरूनच झाली.

थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचे सात नमुने काढले. सातवा चांगला धरायचा. पण पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत एक नमुना ठेवला तर त्याची कड वाकडी झाली. रोजच्या वापराला तीस टक्के काचतंतू घातलेलं नायलॉन ठरवलं. त्याला इंजेक्शन मोल्डिंगचा डाय लागतो. एका टूलरूममध्ये (डाय बनवायच्या कारखान्यात) ऑर्डर दिली आणि सगळे पैसे आगाऊ दिले. पुढचं सगळं त्या एका चुकीनं लांबलं.

डायमध्ये ओतलेलं प्लॅस्टिक गार होताना आकसतं. म्हणून डाय थोडा मोठा ठेवतात. साधं नायलॉन एक ते दीड टक्का आकसतं. काचतंतू घातलेलं त्याच्या निम्म्याहूनही कमी. टूलरूमनं डाय साध्या नायलॉनच्या हिशेबानं, एक पूर्णांक चार टक्के धरून केला. माझ्या मालाला अर्धा टक्का पुरेसा होता. ५६.२ च्या बैठकीवर हा फरक अर्धा मिलिमीटर होतो. बैठक आली ५६.७ आणि पॅड लावल्यावर आतला व्यास ४८.७. बारीक बार ४८.६. म्हणजे पॅड बारला टेकतसुद्धा नव्हता. खटका ‘टक’ असा आवाज करून बंद व्हायचा आणि क्लॅम्प बोटानं ढकलला की सरकायचा.

जूनमध्ये मी ते पहिले नमुने घेऊन गेलो. मालकांनी त्यांच्याकडच्या बारच्या तुकड्यावर क्लॅम्प लावला आणि म्हणाले, “हे बघा की साहेब, गच्च बसतंय.” मी तो तुकडा मोजला. ५०.१. मी म्हणालो, “काका, हा जाड बार आहे. बारीकवर बघा.” ते म्हणाले, “पन्नासचा बार म्हणजे पन्नासचाच असतो. तुमचा बार खराब आहे.” दुसऱ्या दिवशी मी जिममधला ४८.६ चा अख्खा बार टेम्पोत घालून नेला. त्यांनी स्वतःच्या हातानं क्लॅम्प लावला, तो घसरला. त्यावर उत्तर आलं, “शून्य पॉइंट पाचनं काय फरक पडतोय हो? पॅड जाड लावा.”

पॅड फार जाड केला तर जाड बारवर खटका बंदच होत नाही. ते मी कागदावर काढून दाखवलं. कागद त्यांनी ठेवून घेतला.

पुढच्या वेळी उपाय सुचवला गेला की साधं नायलॉन टाकून बघू, माप आपोआप जमेल. माप जमलं, हे खरं. डाय त्याच हिशेबाचा होता. पण साधं नायलॉन सतत ताणाखाली हळूहळू ढिलं पडतं. संध्याकाळी लावलेला क्लॅम्प सकाळी सैल झालेला. त्या प्रयोगात एक महिना गेला, आणि मालाचे पैसेही माझेच.

यानंतर ‘मशीन रिकामं नाही’ हा काळ सुरू झाला. मोठ्या पार्टीचा डाय बेडवर आहे. जुलैत पंचगंगेला पाणी आलं, त्यांचा माणूस येऊ शकला नाही, ते मी समजू शकतो. मग गणपती होऊ देत. मग दसरा झाला की. मग कामगार दिवाळीला गावी गेलेत. फोन उचलला तर “उद्या या”, गेलो तर बाकावर दीड तास आणि आत चहाचे कप जाताना दिसायचे. मी कधी आवाज चढवला नाही. आता वाटतं चढवायला हवा होता. पैसे पूर्ण दिलेल्या माणसाचं काम मागे सरकतं, कारण त्याच्याकडून आणखी काही यायचं नसतं. डायच्या पैशांतले तीस टक्के तरी नमुने पास होईपर्यंत हातात ठेवा. ऑर्डरवर मालाचा ग्रेड, आकसण्याचा टक्का आणि कुठल्या बारवर तपासणी होणार ते लिहून घ्या. मी फक्त ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘नायलॉन’ लिहिलं होतं. तेवढीच त्यांची बाजू, आणि ती मी मान्य करतो.

संताप कशाचा होता ते सांगतो. बैठक लहान करायची तर डायच्या आतल्या कोअरवरून, म्हणजे कड्याची आतली पोकळी घडवणाऱ्या भागावरून, स्टील काढायचं असतं. काढणं सोपं. उलट चूक असती, कोअर लहान झाला असता, तर वेल्डिंग करून स्टील भरावं लागलं असतं आणि ते खरोखर कटकटीचं काम आहे. इथे कोअरच्या दोन इन्सर्टवरून (सुटे निघणारे तुकडे) पाव-पाव मिलिमीटर काढायचं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. मी स्वतः रोज तेच करतो, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दिवाळी झाल्यावर एकोणिसाव्या फेरीला मी डायरी टेबलावर उघडून ठेवली, सगळ्या तारखा दाखवल्या आणि म्हणालो, “काका, तुम्ही करू नका. फक्त ते दोन इन्सर्ट सोडून माझ्या हातात द्या.” ते बराच वेळ डायरीकडे बघत राहिले. मग माणसाला हाक मारली. दहा मिनिटांत इन्सर्ट बाहेर आले. आमच्या सुपरवायझरांची परवानगी काढून शिफ्ट संपल्यावर मी ते व्हीएमसीवर बांधले. डायल (सरळपणा तपासायचं मापक) लावून बसवायला दोन तास, प्रत्यक्ष कटिंगला चाळीस मिनिटं, पॉलिशला एक तास. रात्री साडेनऊला मोजलं तर हवं तेवढं आलं होतं. घरी जाताना गाडी रंकाळ्यावर थांबवली आणि नुसता बसून राहिलो. फार मोकळं वाटलं.

नवे नमुने आले, बैठक ५६.२, आणि पहिल्याच दिवशी तीन खटके तुटले. माझ्या पोटात गोळा आला. मोल्डिंग मशीनवरचे मामा म्हणाले, “कोरडं नायलॉन काचेसारखं असतं बघ. पाण्यात उकळ.” बरोबर होतं. नायलॉन हवेतलं पाणी शोषतं आणि त्यानंतरच चिवट होतं. मोठ्या पातेल्यात तीन तास उकळले, रात्रभर तसेच ठेवले. नंतर खटके वाकले, तुटले नाहीत. पाण्यानं नायलॉन किंचित फुगतंही, तेव्हा माप उकळल्यानंतरच घ्या. मोल्डमधून गरम निघालेला भाग मोजून ‘ओके’ म्हणणारा माणूस दिसला तर त्याच्याकडे काम देऊ नका.

अजून काही गोष्टी आठवतात. काचतंतू प्लॅस्टिकच्या प्रवाहाच्या दिशेने झोपतात, त्या दिशेने माल कमी आकसतो आणि आडवा जास्त, त्यामुळे कडं थोडं अंडाकृती येतं. प्लॅस्टिक कुठून आत शिरणार ते डाय बनायच्या आधी विचारा. खटक्याचा रंग कड्याहून वेगळा ठेवा. आमचा भगवा आहे, उघडा राहिला तर पलीकडच्या कोपऱ्यातून दिसतो. स्लीव्हवर तेल असेल तर जगातला कुठलाही क्लॅम्प धरणार नाही, आधी फडक्यानं पुसा. दोन्ही क्लॅम्प वजनाला सारखे हवेत. आणि बेंच प्रेस एकटे करत असाल, मदतीला कुणी नसेल, रॅकला बार अडवणाऱ्या आडव्या सेफ्टी पिनही नसतील, तर क्लॅम्प लावू नका. बार छातीवर अडकला तर प्लेटा एका बाजूनं सोडता यायला हव्यात. क्लॅम्प बनवणारा मी हे सांगतोय, कारण मला माणूस महत्त्वाचा.

चाचणी घरगुतीच केली. क्लॅम्प बारवर लावायचा आणि सामान तोलायच्या हुकाच्या काट्यानं स्लीव्हच्या दिशेनं ओढायचं. टेबलावरचं ते जुनं स्प्रिंग लॉक सहा किलोला सरकलं. माझा क्लॅम्प त्या ४८.६ च्या बारवर एकतीस किलोला. जाड बारवर काट्याची पन्नासची हद्द संपली तरी हलला नाही.

डिसेंबरमध्ये माझा मित्र परत स्क्वॉटला आला. बारीक बार त्यानंच निवडला. दोन्ही क्लॅम्प स्वतः लावले, स्वतः ओढून बघितले आणि मला म्हणाला, “मागं उभा राहा, पण हात लावू नकोस.” साठ-साठ किलो, पाच रेप. आता आमच्या भागातल्या एका तालमीनं २८ मिलिमीटरच्या जुन्या रॉडसाठी तसाच क्लॅम्प मागितलाय. काल मी तिथले नऊ रॉड मोजून आलो. सगळ्यात बारीक २७.१ भरला.