चौदा मायक्रॉन

मंगळवार, रात्री

चष्मा घालवायच्या लेसर ऑपरेशनला माझा डोळा चौदा मायक्रॉन कमी पडला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे केसाचा पाचवा हिस्सा. मिरजेहून येताना बसमध्ये हेच घोळत होतं, जेवण झालं तरी तेच.

दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवल्या. त्यांच्या दाबानं कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या काचेचा, आकार थोडा बदलतो आणि लगेच मापं घेतली तर खोटी येतात. सॉफ्ट लेन्सला एक-दोन आठवडे, सेमीसॉफ्टला तीन-चार. तेवढे दिवस तो जाड चष्मा. लग्नातले फोटोही त्यातच आले. असो.

हिशोब पुन्हा मांडते. उजवा मायनस साडेसहा. कॉर्निया ४८७ मायक्रॉन जाड, लोकांचा असतो ५४० च्या आसपास. लॅसिकमध्ये आधी वरचा पापुद्रा उचलतात, त्याचे ११०. मग साडेसहा मिलिमीटरच्या गोलात एका नंबरामागे साधारण १४ मायक्रॉन जाळतात, साडेसहाचे ९१. झाले २०१. खाली उरले २८६. २५० ची अट पार होते, पण सावध डॉक्टर ३०० च्या खाली उतरत नाहीत. हेच ते चौदा. पातळ झालेला कॉर्निया डोळ्यातल्या दाबानं हळूहळू पुढे फुगतो, मग चष्मा लावूनही धड दिसत नाही. दुसरी कसोटी टक्क्यांची: एकूण जाडीच्या ४० टक्क्यांपर्यंत हात लागला तर ठीक. माझे ४१. पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. म्हणजे मी इशारा पातळी ओलांडली, धोक्याची नाही. सांगलीत एवढ्यावर माणसं सामान माळ्यावर चढवतात.

नेहमी एवढंसंच कमी पडतं मला.

दुसरे रस्ते आहेत. पीआरकेमध्ये पापुद्रा कापत नाहीत, वरची ५० मायक्रॉनची साय खरवडून थेट लेसर. ३४६ उरतात, ऐसपैस. पण साय भरून येईतो चार-पाच दिवस बँडेज लेन्स, पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात मिरची गेल्यासारखं, नजर स्थिरावायला काही आठवडे. मोठ्या नंबरात कॉर्नियावर धूसरपणा धरू शकतो म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध लावतात, नंतर कित्येक आठवडे थेंब, उन्हात गॉगल. नाहीतर आयसीएल. कॉर्नियाला हात न लावता बाहुलीच्या मागे आत भिंग बसवायचं. त्याला पुढच्या कप्प्याची खोली २.८ मिलिमीटर तरी लागते, माझी ३.१ आहे. म्हणजे इथे पास. खर्चाचा आकडा दादाला सांगितलेला नाही.

आणि यातलं काहीही केलं तरी डोळा लांबचा लांबच. सर्वसाधारण डोळा २४ मिलिमीटर, माझा साडेसव्वीस. लेसर पुढची काच घासतो, मागे ताणलेला पडदा, रेटिना, तसाच. डाव्या पडद्याच्या कडेला विरळ पट्टा दिसला. नंबर शून्य झाला तरी वर्षाला एकदा थेंब घालून पडदा बघायचा, आणि वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेनं पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी गाठायचं. आजची मापं फाइलमध्ये जपून ठेवायची, पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायला लागतात. लेसर झालेल्या डोळ्यावर नेहमीचं गणित चुकतं.

पण खरं सलतंय ते बसमधलं. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झालेल्या, चष्मा लावून रिपोर्ट उघडला तर नुसती काळी रेघोटी. शेजारच्या आजी म्हणाल्या, "वाचून दाखवू का गं?" चष्मा काढला, कागद नाकापाशी आणला आणि दशांशचिन्हासकट सगळं लख्ख. मायनस साडेसहाच्या डोळ्याला पंधरा सेंटिमीटरवरचं दिसायला काहीच करावं लागत नाही, थेंबांनी आतली फोकसची यंत्रणा झोपली तरी. हे ऑपरेशननं जाणार. नंबर शून्य केला की सगळ्यांसारखी चाळिशी लागणार, आणि मला एकोणचाळीस. दूरचा चष्मा देऊन जवळचा घ्यायचा, वर पैसे मोजायचे. चौदा मायक्रॉनांसाठी रडत होते त्यात हे धरलंच नव्हतं.

म्हणजे करायचं नाही असं नाही. पावसात चष्मा, पोहायला चष्मा, रात्री उशीखाली चाचपायचा. कंटाळा आलाय.

आत्ताच वहिनी नवीन अंगठी घेऊन आली. हॉलमार्कचा नंबर ॲपमध्ये टाकून बघायचाय, भिंग सापडेना. मी चष्मा काढला, अंगठी पंधरा सेंटिमीटरवर आणली. सहाच्या सहा अक्षरं लागली.

"आठ आहे का बी?" ती म्हणाली.

बी होता.