वाफसा

आषाढात माझ्या घरी मिरचीची १५ रोपं एका आठवड्यात गेली. सगळी एकाच तऱ्हेने. रात्री झोपताना रोप सरळ, हिरवं. सकाळी बघावं तर मातीलगतचं खोड सुतासारखं बारीक, तपकिरी झालेलं आणि रोप आडवं. पानं मात्र तशीच टवटवीत, जणू खाली काय झालंय हे त्यांच्यापर्यंत अजून पोचलंच नव्हतं. पहिली तीन गेली तेव्हा वाटलं, माझा हात लागला असेल. सातवं गेलं तेव्हा मी रडले.

ते बी साधं नव्हतं. माझी आत्या गडहिंग्लज तालुक्यात राहते. त्या पट्ट्यात जवारी, म्हणजे गावठी, संकेश्वरी मिरची होते. लांब, सडपातळ, वाळली की सुरकुतणारी. आमच्याकडे कांदालसूण चटणी तिच्याशिवाय होत नाही. आत्या दरवर्षी चांगल्या झाडाच्या मिरच्या बियाण्यासाठी बाजूला काढते, राखेत घोळवून ठेवते. यंदा त्या रानात ऊस लागला. चुलतभाऊ मुंबईला आला तेव्हा आत्याने त्याच्याबरोबर दोन वाळक्या मिरच्या कागदात गुंडाळून पाठवल्या. फोनवर एवढंच म्हणाली, "तुझ्याकडं ठेव. हितं आता कोण लावतंय." मी बी मोजलं. ७१ निघालं.

मी लालबागला राहते. मिरची गल्ली घरापासून चालत पाच मिनिटांवर. मार्च ते मे आमच्या खिडकीतून कांडपाचा वास येतो आणि सगळा मजला शिंकतो. मिरचीच्या ढिगाऱ्यांत वाढलेली मुलगी मी, पण मिरचीचं रोप कसं वाढतं ते पस्तिसाव्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं. खोली चाळीतली, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीसमोर आठ फुटांवर पलीकडच्या इमारतीची भिंत. ऊन फक्त सामाईक गॅलरीत, तेही सकाळचं. त्यात जुलैचा पाऊस. म्हणून रोपं घरातच, दिव्याखाली वाढवायची ठरवली.

घरात दिव्याखाली रोपं वाढवण्याचे व्हिडिओ शोधले तर समोर आले ते बहुतेक परदेशातले गांजा लावणारे. कॅनडाच्या बहुतेक भागांत २०१८ पासून आणि जर्मनीत एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसांना घरी मोजकी झाडं लावायची कायद्याने परवानगी आहे, आणि ती माणसं पहिल्या तीन आठवड्यांतल्या रोपाबद्दल जितक्या बारकाईने बोलतात तितकं मी कुठल्या भाजीवाल्या चॅनलवर ऐकलं नाही. मी फार्मासिस्ट आहे, परळला औषधाच्या दुकानात काम करते. एनडीपीएस कायदा, १९८५, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, आम्हाला अभ्यासाला होता. आपल्याकडे परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं हा गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा ते झाड त्यांच्याकडेच. त्यांच्याकडून मी दिवा, वारा आणि कप एवढंच घेतलं, कारण कोवळ्या रोपाच्या गरजा बऱ्याचशा सारख्याच असतात. फक्त त्यांच्याकडून काय घ्यायचं नाही हे मला उशिरा कळलं. त्यातली बरीच मंडळी थंडीच्या देशांत राहतात. ते ट्रेखाली गरम होणारी चटई घालतात, वरून प्लास्टिकचं झाकण ठेवतात, दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारतात. मिरचीचं बी उगवायला २५ ते ३० अंश लागतात. ते मुंबईत फुकट मिळतात. आणि जुलैतल्या मुंबईत झाकण ठेवायचं म्हणजे दमट हवेवर आणखी दमट हवा कोंडायची.

मी झाकण ठेवलं होतं. दोनदा फवाराही मारत होते. माती नर्सरीतली लाल, चिकट, शेणखत घातलेली. कपाला खाली एकच भोक. २४ बिया पेरल्या, १९ उगवल्या. एका रोपाच्या डोक्यावर बीचं टरफल अडकून राहिलं होतं, ते मी चिमट्याने ओढलं आणि बीजपत्रंच, म्हणजे बीतून निघालेली पहिली दोन पानंच, तुटून हातात आली. (आता असं झालं तर टरफलावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब ठेवते आणि वाट बघते. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ते आपोआप गळतं. नाही गळलं तर पुन्हा एक थेंब.) दिवा म्हणजे घरातली नेहमीची ट्यूब, सहा फुटांवर. रोपं तिच्याकडे मान लांब करत करत बोटभर उंच झाली, पांढुरकी, किडकिडीत. मला वाटलं, छान वाढतायत. पाचव्या दिवशी मी खतही दिलं. आणि मग ती पडायला लागली.

याला शेतकरी रोप कोलमडणं म्हणतात. पिथियमसारखे बुरशीसदृश जीव आणि रायझोक्टोनियासारख्या बुरशी ते करतात. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. माती सतत ओली असेल तर कणाकणांमधल्या पाण्याच्या थरातून ते रोपाच्या गळ्यापर्यंत पोचतात. आणि किडकिडीत, उजेडाला भुकेलेल्या रोपाचा गळा मऊ असतो. पडलेलं रोप कशानेही उठत नाही. मी दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड पातळ करून घातलं, दालचिनीची पूड भुरभुरवली. औषधांच्या माणसाला औषध नाही हे मान्य करायला वेळ लागतो. पंधरा गेली, तीन उरली. ती मी टाकली नाहीत, पण ती कधी सावरलीही नाहीत.

आत्याला सांगायची हिंमत चार दिवस झाली नाही. शेवटी फोन केला. ती ओरडली नाही. एकच विचारलं, "पाणी घालायच्या आधी वाफसा बघत हुतीस का?"

हा शब्द मी पेपरातल्या पेरणीच्या बातम्यांमध्ये वाचला होता. 'वाफसा आल्याने पेरण्यांना वेग.' अर्थ कधी विचारला नव्हता. आत्याने सांगितला तो असा: मूठभर माती दाबायची. पाणी गळलं तर अजून ओली. लाडू झालाच नाही तर कोरडी. लाडू झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे. "मुळ्यांस्नी बी दम घ्यायला लागतो की गं. तू त्यास्नी बुडवून ठेवलीस." मग म्हणाली, "आणि सारखं काय बघायलैस? तरू टाकलं की आमी जरा लांबच ऱ्हातो." (तरू म्हणजे लावणीसाठी वाफ्यात वाढवायची रोपं.)

इंग्रजीतल्या सगळ्या व्हिडिओंमध्ये मिळून जे मला कळलं नव्हतं ते त्या एका शब्दात होतं. तिथे सगळे सांगतात की जास्त पाणी घालू नका. पण जास्त म्हणजे किती? वाफसा पाण्याचं माप सांगतच नाही, तो मातीची अवस्था सांगतो. ती अवस्था यायची वाट बघायची, आली की पाणी, नाही तर नाही.

अडचण एवढीच की दीडशे मिलीच्या कपातून मूठभर माती कशी काढणार? तिथे माझी नोकरी कामाला आली. मी वजन करायला लागले.

दुसरी पेरणी अनंत चतुर्दशीनंतर केली. गणपतीत आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा काही करणं शक्यच नव्हतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट भिजत घातली. कोकोपीट तीन पाण्यांनी धुतलं, कारण त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. तीन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, मूठभर परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), चमचाभर ट्रायकोडर्मा. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला खाणारी चांगली बुरशी, ती आधीच मातीत बसलेली बरी. कागदी कपांना दाभणाने सहा सहा भोकं पाडली. २० बिया, अर्धा सेंटिमीटर खोल.

भिजवून निथळलेला कप स्वयंपाकघरातल्या काट्यावर १३० ग्रॅम भरला. वरचा थर फिका पडून, आतली ओल बोटाला नुसती जाणवेल अशी झाली तेव्हा तोच कप ८० ग्रॅमच्या आसपास होता. हाच माझा वाफसा. ८० होईपर्यंत हात बांधून बसायचं. सुरुवातीला त्याला चार चार दिवस लागत. ते चार दिवस मला फार जड गेले, खरं सांगते. रोज सकाळी नळाला पाणी आलं की हात आपोआप रोपांकडे वळायचा. पाणी द्यायचं ते सुई नसलेल्या २० मिलीच्या सिरिंजने, कपाच्या कडेने गोल, खोडापासून लांब. पाणी पिंपातलं, आदल्या दिवशी भरलेलं, म्हणजे क्लोरीनचा वास उडालेला असतो. दोन आठवड्यांनी काटा लागेनासा झाला. कप उचलला की हाताला कळायला लागलं.

दिव्याचं काम बाबांनी केलं. पोटमाळ्याच्या फळीला खालून २० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या लावल्या, पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या. खाली स्टूल, स्टुलावर माझी कॉलेजची जाड पुस्तकं, त्यावर ट्रे. दिवा रोपांपासून वीतभर अंतरावर. रोपं वाढली की खालचं एक पुस्तक काढायचं. प्लगला टायमर, सकाळी ६ ते रात्री ८. गांजावाले १८ तास दिवा ठेवतात, ते त्यांच्या झाडाचं गणित. मिरचीला १४ तास पुष्कळ झाले आणि रात्री आम्हालाही झोपायचं असतं. दोन पट्ट्या मिळून दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज खातात. एक छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला. भिंतीवरून परतलेल्या वाऱ्याने पानं जेमतेम हलतात. हलणारं रोप खोड जाड करतं.

सातव्या दिवशी पहिला वाकडा हिरवा मणका वर आला. दहाव्यापर्यंत १७. या वेळी रोपं बुटकी राहिली, गडद हिरवी, बीजपत्रं आडवी पसरलेली. मी त्यांना खत दिलं नाही. बीजपत्रं हीच रोपाची शिदोरी असते, ती संपेपर्यंत बाहेरचं काही लागत नाही, हेही पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. खऱ्या पानांची दुसरी जोडी आल्यावर १९:१९:१९ हे विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

तिसऱ्या आठवड्यात बारीक काळ्या माश्या दिसल्या, गांडूळखतातून आलेल्या. पिवळं चिकट कार्ड लावलं आणि वरचा थर आणखी सुकू दिला. त्यांची अंडी ओल्या थरातच जगतात, त्यामुळे हा प्रश्नही शेवटी पाण्याचाच होता. एक रोप गेलं, का ते कळलं नाही. १६ राहिली.

दिवाळीच्या साफसफाईत ट्रे हलवावाच लागणार होता, तेव्हा रोपं गॅलरीत काढायला घेतली. पहिल्या दिवशी एक तास, दारातल्या सावलीत. मग दोन. मग सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास. असं आठ दिवस. दिव्याखाली वाढलेल्या पानाला खऱ्या उन्हाची सवय नसते. एके दिवशी दुकानात नवा माल आला होता, त्या गडबडीत दोन कप साडेदहापर्यंत उन्हात राहिले आणि पानांवर पांढरे चट्टे उठले. रोपं वाचली. चट्टे अजून दिसतात.

आता सहा रोपं दहा इंची कुंड्यांत, आमच्या दारासमोर कठड्याला लागून आहेत. चार डोंबिवलीला भावाच्या गच्चीत. बाकीची मजल्यावर वाटली. शेजारच्या काकूंनी दोन नेली आणि रोज सकाळी माझ्या आधी त्याच बघतात. परवा त्या झारी घेऊन निघाल्या, तर मी त्यांना कुंडी जरा तिरकी करून वजन बघायला लावलं. त्यांनी बघितलं आणि झारी घेऊन परत गेल्या.

आत्याला व्हिडिओ कॉलवर रोपं दाखवली. पानं उलटी करून दाखव म्हणाली. बोकड्या रोग तर नाही ना, म्हणजे पानं वरच्या बाजूला मुडपत तर नाहीत ना, हे तिला बघायचं होतं. नाहीत. मग बराच वेळ काही बोलली नाही. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

उरलेल्या २७ बिया एका काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये आहेत. सोबत गोळ्यांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या चार पुड्या, कारण मुंबईच्या दमट हवेत बी लवकर मरतं. आता काळजी वेगळीच आहे. काकूंच्या दुसऱ्या एका कुंडीत ज्वाला जातीची मिरची आहे. मिरचीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि दोन जातींचा संकर सहज होतो. पहिल्या कळ्या दिसल्या की दोन झाडांवर त्या उमलायच्या आत मलमलच्या पिशव्या बांधायच्या, म्हणजे त्या मिरच्यांतलं बी आत्याच्याच मिरचीचं राहील. पिशव्या आई शिवतेय. जुन्या धोतराचं कापड आहे, आजोबांचं.