परराज्यातलं कार्ड, सोलापुरातलं धान्य

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या रेशन दुकानात महिन्याचा दुसरा आठवडा म्हणजे मागे राहिलेल्या कार्डांचा. पहिल्या आठवड्यात सर्व्हर दमतो, रांग रस्त्यावर येते. पुढे एकेक जण सावकाश येतो. त्या दिवशी मात्र शटर वर केलं तेव्हा बांधकामावरचे चार बिहारी मजूर पायरीवर बसले होते. 'इथंही मिळतं' असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मूळ कार्ड एकाकडेही नाही, दोघांच्या मोबाईलमध्ये फोटो तेवढे.

मूळ कार्ड लागतही नाही. एका राज्यातल्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य देणारं 'एक देश एक रेशनकार्ड' 2019 मध्ये चार राज्यांत सुरू झालं आणि 2022 मध्ये आसाम आल्यावर सगळा देश त्यात आला. दुकानातल्या ई-पॉस मशीनवर, म्हणजे अंगठा घेऊन धान्याची नोंद करणाऱ्या यंत्रावर, कार्डाचा किंवा आधारचा नंबर टाकला की कुटुंबाची नावं येतात. थंब देणाऱ्याचं नाव त्या कार्डात आधारशी जोडलेलं असलं की झालं. कार्ड मात्र अन्नसुरक्षा कायद्यातलं हवं. काही राज्यांची स्वतःच्या योजनेतली कार्डं असतात, ती परराज्यात चालत नाहीत. सीमेपलीकडून कामाला येणाऱ्या काही जणांना हे आमच्याच काउंटरवर कळतं.

पहिल्याचा थंब लगेच लागला. पाच युनिटचं, म्हणजे पाच माणसांचं कार्ड, माणशी 5 किलो, म्हणजे 25 किलो शिल्लक. घोटाळा होतो तो इथेच. मशीन सगळं द्यायला तयार असतं, दुकानदार सगळं काढून मोकळा होतो आणि गावाकडे बायको दुकानात गेली की तिथल्या मशीनवर शून्य. हा इथे एकटा, घरचे चौघे गावी. त्याला म्हटलं, आधी घरी फोन लावा. बायको बोलली, मग त्याच्या आईने फोन घेतला आणि बराच वेळ सुनावलं. अखेर 10 किलो इथे, 15 तिकडे असं ठरलं. त्या महिन्यात आमच्याकडे माणशी 2 किलो गहू आणि 3 किलो तांदूळ होता, त्याप्रमाणे 4 किलो गहू, 6 किलो तांदूळ मापून दिला. 2023 पासून हे धान्य फुकट आहे, तेव्हा सुट्ट्या पैशांची कटकटही नाही. पावती मात्र हातात दिली आणि तिचा फोटो घरी पाठवायला लावला. 'तुमच्या माणसाने सगळं सोलापुरात उचललं' असं कुणी म्हटलं, तर दाखवायला काहीतरी हवं.

दुसऱ्याची शिल्लक शून्य. घरच्यांनी सगळं उचललं होतं, त्यात कुणाची चूक नाही. पुढच्या महिन्यापासून आधी फोन करायचा एवढंच. तिसऱ्याचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, राहिलं होतं. ते कुठल्याही राज्यातल्या दुकानात होतं हे त्याला माहीत नव्हतं. तो त्यासाठी गावी जायचं तिकीट बघत होता. इथेच करून टाकलं. चौथ्याचं नाव कार्डावर आहे, पण आधार जोडलेलंच नाही. त्याला आमच्याकडे उपाय नाही. ते काम त्याच्या राज्यातच होणार. 14445 हा हेल्पलाईन नंबर लिहून दिला. रिकामी पिशवी घेऊन गेला बिचारा.

तेवढ्यात रांगेतले एक काका बोलले, "आमचा कोटा बाहेरच्यांना वाटताय, आणि उद्या आम्हाला स्टॉक नाही म्हणणार." काकांना वेड्यात काढू नये. दुकानाचं नियतन, म्हणजे महिन्याला मिळणारं धान्य, त्या दुकानाला जोडलेल्या कार्डांवर ठरतं, आणि बाहेरच्या कार्डाला दिलेलं धान्य त्याच साठ्यातून वजा होतं. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या आल्या की कारखान्यांच्या आसपासच्या दुकानांत हाच पेच पडतो. पुष्कळ दुकानदार 'सर्व्हर बंद आहे' म्हणून परक्या माणसाला परत पाठवतात, त्याच्या मुळाशी बहुधा हा साठा असतो. उपाय कंटाळवाणा आहे: पोर्टेबिलिटीची, म्हणजे बाहेरच्या कार्डांची, उचल तारखेनुसार वेगळी लिहून ठेवायची आणि जादा धान्याची मागणी महिना संपायच्या आत पुरवठा कार्यालयात द्यायची. साठा संपल्यावर दिलेला अर्ज त्या महिन्यात कामाला येत नाही. काकांना मशीनवरची शिल्लक दाखवली, तेव्हा कुठे ते थांबले.

त्यांच्या मागे विडी वळणाऱ्या अम्मा उभ्या होत्या. त्या तेलुगूत काकांना काहीतरी म्हणाल्या आणि रांगेतल्या बायका हसल्या. मराठीत आम्हाला एवढंच सांगितलं, "माझा सासरा मिलमध्ये आला तेव्हा त्यालाही बाहेरचाच म्हणायचे."

अम्मांचं काम मात्र बिहारच्या कार्डापेक्षा अवघड निघालं. रोज हजार विड्या वळून अंगठा आणि तर्जनी गुळगुळीत होतात, रेषा उरतच नाहीत. अशा वेळी अंगठाच पुन्हा पुन्हा दाबत बसू नये. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करायचे, तंबाखूची पूड निघाली पाहिजे. मशीनची काच पुसायची. मग अनामिका, करंगळी, आणि डाव्या हाताची बोटं. बोट फार कोरडं असेल तर कपाळावरून फिरवायचं, तेवढा तेलकटपणा पुरतो. अम्मांची करंगळीही लागली नाही. डोळ्याच्या स्कॅनरवर मोतीबिंदू आडवा आला. राहिला ओटीपी, आणि आधारला जोडलेला नंबर नातवाचा, तो पुण्यात नोकरीला.

त्याला फोन लावला तर तो मीटिंगमध्ये. ओटीपीची मुदत संपली, दुसरा मागवला. या वेळी त्याने कुजबुजत सहा आकडे सांगितले आणि अम्मांचं धान्य निघालं. सगळ्यात गरीब कुटुंबांना मिळणारं अंत्योदयचं कार्ड, 35 किलो. त्यातलं एक पोतं बिहारच्या पोरानेच रिक्षापर्यंत नेलं. अम्मांना नंबर बदलायला आधार केंद्रात पाठवायचं ठरलंय. त्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही, म्हणून शेजारी राहणाऱ्या मुलीचा नंबर जोडणार आहेत. मुलगी तयार आहे, अम्मा अजून नातवाला विचारते म्हणतात.