हातोडी घेण्याआधी खिळा ठरवा

अमेरिकन सुतारकामाचे व्हिडिओ बघून घरी लाकूडकाम सुरू करणाऱ्यांच्या यादीत फ्रेमिंग हॅमर हटकून असतो. लांब दांडा, मागे सरळ नख्या, तोंडावर जाळीदार खाचा. दिसतोही रुबाबदार. पण तो कुठल्या कामासाठी घडला हे कळल्याशिवाय घेतला, तर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये तो बहुतेक काळ माळ्यावर पडून राहतो आणि खाली उतरतो तेव्हा प्लायवर ठसे उमटवतो.

तिकडची बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. ‘टू बाय फोर’ म्हणून विकले जाणारे, प्रत्यक्षात ३८ × ८९ मिलिमीटरचे बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या, १६-१६ इंचांवर उभे करायचे आणि साडेतीन इंची खिळ्यांनी ठोकायचे. लाकूड पाइन किंवा फरसारखं मऊ आणि आतल्या बाजूने जिप्सम बोर्ड येणार, म्हणजे ठसा उमटला तरी झाकला जातो. दिवसभर मोठे खिळे भराभर ठोकायचे, एवढंच त्या हातोडीचं काम. म्हणून तिचं वजन २० ते २८ औंस, म्हणजे साधारण ५६५ ते ७९५ ग्रॅम, आणि दांडा १६ ते १८ इंच. जाळीदार तोंड खिळ्याच्या डोक्याला पकडून ठेवतं, त्यामुळे तिरका घाव बसला तरी हातोडी घसरत नाही.

लाकडी सांगाडा पुण्याला नवा नाही, आपले वाडे त्यावरच उभे राहिले. पण सागवानी खांब, तुळया आणि कडीपाटाची जोडणी मुख्यतः खाच आणि तिच्यात घट्ट बसणारं कुसू अशी. तिथे खरी हत्यारं पटाशी आणि लाकडी मोगरी. आज घरं आरसीसीची झाली, तेव्हा फ्रेमिंग हॅमरच्या सर्वांत जवळचं इथलं काम म्हणजे स्लॅबचं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठीचा तात्पुरता साचा: तीन-चार इंची खिळे ठोकायचे आणि स्लॅब पिकला की तेच सगळे उपटायचे. गावाकडच्या घराला लाकडी शेड किंवा मांडव घालणं हे दुसरं. तिसरं पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचं. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पाइनवर हात बसवणारे हौशी लोक बरेच आहेत, आणि पॅलेट फोडताना सरळ नख्या खरोखर उपयोगी पडतात. दोन फळ्यांच्या फटीत त्या पाचरीसारख्या शिरतात. वळलेल्या नख्या तिथे शिरतच नाहीत.

पॅलेटचे खिळे मात्र अनेकदा पीळ दिलेले किंवा अंगावर कड्या-कड्या असलेले असतात आणि लाकडाला धरून बसतात. ते हातोडीच्या दांड्यावर जोर देऊन उपटायला गेलं की लाकडी दांडा मानेपाशी मोडतो. आधी फळी थोडी उचला, मग वरून एक घाव घालून ती परत खाली बसवा. खिळ्याचं डोकं वर राहतं. आता नख्यांखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि ओढा. ठोकळ्यामुळे टेकू उंच होतो, खिळा सरळ वर येतो आणि फळीवर खड्डा पडत नाही. तरीही हलला नाही तर पहार घ्या, ते हातोडीचं काम नव्हे.

आता खिळ्याकडे. आपल्याकडे खिळा इंच आणि गेज सांगून घेतात, आणि गेजचा आकडा जितका लहान तितका खिळा जाड: १६ गेज १.६ मिमी, १४ गेज २ मिमी, १२ गेज २.६, १० गेज ३.२५, ८ गेज ४ मिमीच्या जरा वर. हातोडीचं वजन याच्यावरून ठरतं. अर्धा ते एक इंची चुका आणि बारीक खिळ्यांना २०० ग्रॅमच्या आसपासची, मागे आडवी धार असलेली हातोडी. ती धार बोटांच्या मधून जाते, म्हणून बारीक खिळा उभा करताना बोट ठेचत नाही. दीड ते अडीच इंची, १४ ते १२ गेजच्या खिळ्यांना ४५० ग्रॅम. तीन-चार इंची, १० ते ८ गेजचे खिळे डझनावारी ठोकायचे असतील तरच ५६० ते ६२० ग्रॅम. घरातलं काम नव्वद टक्के मधल्या गटात बसतं असं माझं ठाम मत आहे. म्हणून पहिली हातोडी ४५० ग्रॅमची, बिनखाचांच्या गुळगुळीत तोंडाची, मागे नख्यांची, १३ इंची दांड्याची.

खिळ्याची लांबी वरच्या फळीच्या जाडीच्या अडीच ते तीनपट असावी. १८ मिमीची पट्टी बॅटनवर मारायची तर दोन इंची खिळा घ्या, म्हणजे ३२ मिमी बॅटनमध्ये जाईल. सागाला टोकाजवळ खिळा मारताना चीर पडते. तिथे आधी ड्रिलने खिळ्याच्या जाडीच्या पाऊणपट भोक पाडा, १२ गेजसाठी २ मिमीचा बिट. प्लायच्या कडेत खिळा मारूच नका, थर उकलतात. तिथे स्क्रू, तोही भोक पाडून. फ्लॅटच्या भिंतीलाही हातोडी चालत नाही. काँक्रीटमध्ये साधा खिळा वाकतो, हलक्या एएसी ब्लॉकमध्ये सहज जातो आणि तितक्याच सहज निघतो. भिंतीला ड्रिल आणि गिट्टीच (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लग) हवी.

जास्त वजन म्हणजे जास्त जोर, हे अर्धंच खरं. घावाची ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ४५० ग्रॅमची हातोडी सेकंदाला ८ मीटर वेगाने आदळली तर १४.४ ज्यूल मिळतात. ६२० ग्रॅमची तुमचा हात थकल्यामुळे ७ मीटरनेच आली तर १५.२. म्हणजे १७० ग्रॅम जास्त उचलून पदरात फारसं काही पडलं नाही, वर नेमही गेला. लांब दांड्याचा फायदा याच हिशोबातून येतो, तोंडाला वेग मिळतो. पण हाताला सवय नसेल तर लांब दांड्याने घाव चुकतो, आणि छताजवळ, कपाटाच्या आत तो फिरवायला जागाच नसते. टायटॅनियमच्या हलक्या हातोड्या याच तत्त्वावर चालतात. दिवसभर खिळे ठोकणाऱ्याला त्या परवडतात, घरकामाला तो खर्च नको.

तोंडाबद्दल एक गोष्ट कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिकायला मिळते. मठारकामात, म्हणजे भांड्यावर ठोके उठवण्याच्या कामात, हातोडीच्या तोंडाची जशी झळाळी तसा ठोका तांब्यावर उठतो, म्हणून तिथे तोंड आरशासारखं घासून ठेवतात. लाकडालाही हेच लागू. तोंडावरचा प्रत्येक ओरखडा शेवटच्या घावाला सागावर किंवा व्हिनियरवर उमटतो. तोंड किंचित फुगीर असावं आणि कडा घासून बोथट केलेल्या असाव्यात. अगदी सपाट आणि धारदार कडेचं तोंड जरा तिरकं पडलं की चंद्रकोरीसारखा खड्डा करतं. नवी हातोडी आणली की तोंड आधी १२० मग २४० नंबरच्या पेपरवर घासा. गंज, डिंक किंवा फेविकॉल लागलेलं तोंड खिळ्यावरून घसरतं, तेव्हा अधूनमधून हेच करा. दर्शनी कामात शेवटचे दोन-तीन मिमी हातोडीने न मारता पंचाने आत बसवा.

दुकानात नुसती हातोडी मागितली तर बऱ्याचदा मागे गोल गोळा असलेली बॉलपीन पुढे येते. ती फिटरची. पत्रा आणि रिव्हेट यांच्यासाठी उत्तम, पण तिने खिळा उपटता येत नाही, म्हणून ‘क्लॉ हॅमर’ असं स्पष्ट सांगा. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला दोन-चार दुकानं फिरून प्रत्यक्ष हातात घेऊन बघावी. ऑनलाइन फोटोत हे कळत नाही. दांडा टोकाशी धरा आणि हातोडी डोळ्यांसमोर आडवी करून दांड्याच्या रेषेतून बघा. डोकं तिरकं बसलेलं असेल तर प्रत्येक खिळा एकाच बाजूला वाकेल. नख्यांच्या खाचेत दुकानातलाच एक १४ गेजचा खिळा अडकवून बघा, खाच शेवटपर्यंत निमुळती नसेल तर बारीक खिळा निसटतो. डोकं फोर्ज केलेलं, म्हणजे तापवून ठोकून घडवलेलं हवं, बिडाचं नको. बिडाचं डोकं एखाद्या घावात टवका टाकतं.

फोर्ज केलेलं तोंडही कडक पाणी दिलेलं असतं, म्हणूनच हातोडीवर हातोडी कधी मारू नका. काँक्रीटचे कडक खिळे आणि छिन्नीही या हातोडीने ठोकू नका. दोन कडक पृष्ठभाग आपटले की उडणारा तुकडा डोळ्यात जातो. चष्मा घालायला दहा सेकंद लागतात.

दांडा लाकडी, फायबरचा की अखंड पोलादी? पोलादी मोडत नाही, उपटण्याच्या कामाला भरवशाचा, पण घावाचा झणका कोपरापर्यंत पोचवतो. फायबरला पाऊस-ऊन बाधत नाही, मात्र तो मानेपाशी चिरला की दुरुस्त होत नाही. लाकडी दांडा हाताला सर्वांत सुखाचा आणि बदलता येणारा. बाभूळ आणि धावडा ही दांड्याची आपली जुनी लाकडं, धक्का पचवणारी. निवडताना दांड्याचं टोक बघा: वलयांच्या रेषा तोंडाकडून नख्यांकडे जाणाऱ्या हव्यात, आडव्या नकोत. बाजूने बघताना रेषा दांड्याच्या मध्येच बाहेर पडत असतील तर तो तिथेच मोडेल.

पुण्याच्या हवेत लाकडी दांड्याची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि डोकं खुळखुळायला लागतं. मग हातोडी रात्रभर पाण्यात ठेवायचा घरगुती उपाय होतो. तो टाळा. लाकूड पोलादी भोकात फुगतं, बाहेर जायला जागा नसल्याने त्याचे तंतू चेपले जातात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो. त्याऐवजी हातोडी डोकं खाली राहील अशी हवेत धरा आणि दांड्याच्या वरच्या टोकावर मोगरीने ठोके द्या. विचित्र वाटेल, पण जड डोकं जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात आणखी शिरतो. मग नवी पाचर मारा.

दांडाच बदलायचा असेल तर पावसाळ्यात बदलू नका, दमट लाकूड मार्चपर्यंत ढिलं होणारच. डोक्याचं भोक वरच्या बाजूला थोडं रुंद असतं, म्हणून जुना तुकडा खालून वर ठोकून काढा. नवा दांडा कानसीने थोडाथोडा घासत भोकात बसवा आणि वर तीन-चार मिमी बाहेर राहू द्या. त्याआधी टोकाला करवतीने चीर द्या, भोकाच्या खोलीच्या दोन-तृतीयांश. त्यात सुक्या कठीण लाकडाची पाचर फेविकॉल लावून ठोका, आवाज बद्द व्हायचा थांबून टणक झाला की थांबा. बाहेरचं कापून टाका आणि एक छोटी लोखंडी पाचर तिरकी मारा, म्हणजे लाकूड दोन्ही दिशांना पसरतं. दुसऱ्या दिवशी रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड अळशीचं तेल दांड्याला आणि वरच्या कापलेल्या टोकाला चोळा, टोक जितकं पिईल तितकं पाजा. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं बाल्कनीत दोरीवर पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.