बधिर पायांची वारी

दिवेघाट मी मान खाली घालून चढलो. पुढच्या माऊलींच्या टाचा, खचलेलं डांबर, सुटलेली खडी, एवढंच दिसत होतं. घोट्यापासून खाली पायांना जाण नसली की पाऊल कुठं पडलं ते बघूनच कळतं. वळणावरची दिंड्यांची रांग बघायची तर आधी थांबायचं, काठी रोवायची आणि मगच मान वर करायची. एकदा तसा थांबलो. खालपासून वरपर्यंत पताका, आणि मागून पखवाज चढत येत होता. डोळे भरले, आणि डोळे भरले की पुढचं दिसत नाही, म्हणून पुसून पुन्हा टाचांकडे बघायला लागलो.

त्या दिवशी एकादशी. पुणे ते सासवड ही सगळ्यांत लांबची मजल आणि पोटात उपास. साबुदाण्यात नसांना लागणारं बी-1 जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, शेंगदाण्यात असतं. म्हणून खिचडी थोडी घेतली आणि भाजलेले शेंगदाणे मूठमूठ खात राहिलो. माझ्या पायांच्या नसा दारूने गेल्या. दारूने नसा जातात त्याला दोन कारणं असतात. दारू स्वतः नसांना विषारी, आणि पिणाऱ्याचं जेवण सुटतं, जे खातो त्यातलं बी-1 आतड्यांत नीट शोषलं जात नाही. सगळ्यांत लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा, वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवला, मग घोट्यावर, मग नडगीवर. थरथर नडगीवर कळली. दारू कायमची बंद करणं हाच मुख्य उपचार. ती माळ घातली तेव्हाच सुटली. नस पुन्हा वाढलीच तर दिवसाला जेमतेम एक मिलीमीटर, आणि सगळ्यांच्या वाढतात असंही नाही. ‘ताकदीच्या गोळ्या’ दुकानातून आणून मनाने खाऊ नयेत. बी-6 जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच पाय बधिर होतात.

हेच पाय रात्री पेटतात. दिवसा खडा टोचलेला कळत नाही आणि रात्री चादरीचा स्पर्श सहन होत नाही. तंबूत शेजारी झोपलेल्यांना हे पटत नाही. आग थांबावी म्हणून पाय बर्फाच्या पाण्यात घालू नयेत. गार असो की गरम, इजा झालेली कळतच नाही.

जेजुरी, वाल्हे, नीरा. तारखा आता सांगता येत नाहीत. काम मात्र रोज तेच असायचं. पहाटे अंधारात बाहेर पडताना बॅटरी आणि काठी. टँकरच्या नळावर तोंड धुताना एक हात पाइपाला. साबणासाठी डोळे मिटले की अंग झुकायला लागतं, कारण तोल सांभाळणारे डोळेच मिटलेले असतात. बुटांचे दोन जोड, एकाआड एक. संध्याकाळी पाय सुजलेले असताना घेतलेले, सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी राहील असे. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा. मोजे दुपारी बदलायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, तिथे तेल-व्हॅसलिन लावायचं नाही. प्रत्येक विसाव्याला बूट काढून तळव्याखाली आरसा धरायचा. लाल डाग अर्ध्या तासात गेला तर ठीक. राहिला तर बूट तिथे दाबतोय. फोड आला तर फोडायचा नाही, कोरडी पट्टी लावून झाकायचा.

आणि तरी रोज कुणीतरी म्हणायचं, ‘माऊलींच्या वाटेवर वहाणा कशाला?’ मला राग यायचा. एका गावात सेवेकऱ्यांनी वाफाळत्या पाण्याची परात पुढे केली आणि माझे पाय धरलेच. मी ओढून घेतले. त्या मुलाचं तोंड उतरलं. मग मी कोपर बुडवून दाखवलं, म्हटलं, ‘बाळा, मला भाजलेलं कळत नाही, तू गार पाणी घाल.’ त्याने अर्धी कळशी ओतली, स्वतःचं कोपर बुडवलं, पुन्हा ओतली. मग पाय धुतले. पुसताना बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या, न सांगता.

लोणंदला रस्त्याकडेला एक मोची वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवत बसले होते. मी काही मागितलं नव्हतं. त्यांनीच हाक मारली, ‘माऊली, डावा पाय फेकताय तुम्ही. बूट द्या हिकडं.’ त्यांनी बूट पालथा केला. टाचेची बाहेरची कड झिजून तिरकी झाली होती. मग त्यांनी आत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. बाभळीचा काटा तळ फोडून आत आला होता. मोजा काढला. टाचेपुढे नाण्याएवढा रक्ताचा डाग, अर्धा वाळलेला.

‘किती येळ हाय ह्यो?’

मला सांगता येईना. सकाळच्या विसाव्याला बाभळीखाली बसलो होतो. निघायची घाई झाली, बूट काढलेच नाहीत. एकच विसावा चुकला होता.

त्यांनी पकडीने काटा खालून ओढला आणि निघाला तो तळहातावर ठेवून टोक तपासलं. मोडलं नव्हतं. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी जखम धुतली, पोव्हिडोन आयोडीन लावलं. तोवर त्यांनी ट्यूबचा तुकडा रापीने कापून टाचेच्या मापाचा केला, कडा घासून पातळ केल्या. ‘कड ऱ्हायली तर तीच घासंल,’ म्हणाले. मग चिकटवला आणि दगडाखाली दाबून ठेवला. मी पैसे काढले तर त्यांनी माझ्याच पायाला हात लावला. तो स्पर्श मला दिसला.

आरोग्य पथकात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. टोचलेल्या जागेवर भार द्यायचा नाही, म्हणून फलटणपर्यंत दिंडीच्या ट्रकमधून गेलो. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण हुकलं. भांड्यांच्या पोत्यांवर पाय वर करून पडलो होतो, लांबून ‘माऊली माऊली’ ऐकू येत होतं आणि मी चिडून रडत होतो. हरिपाठ मनातल्या मनात म्हणायला घेतला, दोनदा चुकला.

माळशिरस, वेळापूर. जखमेला लाली नाही, ऊब नाही, स्राव नाही. दुपारपर्यंत चालायचं, पुढे ट्रक. फुगडीला हात पुढे आले ते जोडून परत केले. गिरकीत मी पडणारच.

वाखरीहून पुढे पुष्कळांनी वहाणा काढल्या. मी काढल्या नाहीत. चंद्रभागेच्या वाळूत काचा असतात, म्हणून पाण्यात बंद रबरी बूट घालून उतरलो. दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहणं पायांना झेपणारं नव्हतं. नामदेव पायरीला हात लावला, कळस पाहिला. कळस बराच वेळ पाहिला, काठी घट्ट धरून.

रात्री आरसा घेतला. उजव्या टाचेवर एक लाल ठिपका होता. घड्याळ लावून बसलो. बाहेर कुणाचं तरी भजन चाललं होतं. अर्ध्या तासाने पुन्हा बघितलं तर ठिपका गेला होता.