तुम्ही विचारलंत म्हणून: इम्युनिटी वाढवायला मी काही का घेत नाही?

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. कधी भाजीच्या गाडीपाशी, कधी लग्नाच्या पंगतीत. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नेमानं. "मॅडम, तुम्ही जन्मभर बायोलॉजी शिकवलंत आणि इम्युनिटीसाठी काहीच घेत नाही?" शेजारच्या वहिनी विचारायच्या भानगडीत पडत नाहीत, गुळवेलीच्या काढ्याची बाटली थेट ओट्यावर आणून ठेवतात. मला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) झालाय, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती उरलेली नाही, असा त्यांचा हिशेब.

हिशेब उलटा आहे. माझ्या अंगात ती भरपूर आहे. ती कामावर येते, आणि मग घरी जायचं नाव घेत नाही.

सुरुवात २०१४ सालची. पुतणीचं लग्न होतं आणि आम्हा बायकांना हिरव्या बांगड्या भरायला कासारीणबाई घरी आल्या होत्या. त्यांनी सवयीनं माझा पंजा हातात घेतला, अंगठा आत दुमडला आणि बोटांच्या मुळाशी चार पेरं एकत्र आवळली. मी किंचाळलेच. "अवो, दोन-चारची बांगडी सरसर चढायची की तुम्हाला," त्या म्हणाल्या, "आज हात फुगलाय आणि कढत लागतोय." दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस नावाच्या वैद्यकलेखकानं सूज ओळखायच्या चार खुणा लिहून ठेवल्या होत्या: लाली, फुगवटा, ऊब आणि ठणका. कासारीणबाईंनी एका दाबात तीन पकडल्या. चौथी, लाली, आमवातात बहुधा ठळक दिसतच नाही. दोन महिन्यांनी पुण्यात संधिवाताच्या डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला आणि पेरं अगदी तश्शीच आवळली. त्यांच्या शास्त्रात ती रीतसर तपासणी आहे. फी मात्र निराळी.

तोवर मी सकाळचा त्रास वयावर ढकलत होते. उठल्यावर तासभर बोटं मिटायची नाहीत. नळ फिरायचा नाही, दुधाची पिशवी दातानं फाडायची, कणीक तर नवऱ्याकडेच गेली होती. म्हातारपणीची गुडघ्याची झीज वेगळी. ती वापरून दुखते आणि बसलं की बरं वाटतं. हे बसून, झोपून आखडायचं. आपल्याकडे दोन्हीला सरसकट 'वात' म्हणतात, त्यात बरीच वर्षं फुकट जातात.

आता आत काय चालतं ते. वर्गात मी नेहमी काट्यापासून सुरू करायचे, कारण शोधही तिथूनच सुरू झाला. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावात इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन माणूस घरची मंडळी सर्कशीला गेल्यावर एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत त्यानं गुलाबाचे काटे टोचून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला. कुणी बोलावलं नव्हतं, रक्तवाहिन्या नव्हत्या, तरी जमल्या. परकं दिसलं की गिळायला धावणाऱ्या या पेशींच्या कामासाठी त्याला १९०८ चं नोबेल मिळालं.

आपल्याला काटा लागला की आधी येतात न्यूट्रोफिल, या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. हे अल्पायुषी, रक्तात जेमतेम दिवसभराचे सोबती. मागून येतात मॅक्रोफेज, मोठ्या तोंडाच्या आणि दमाच्या. जंतू गिळणं एवढंच त्यांचं काम असं मुलं उत्तरपत्रिकेत लिहायची आणि मी गुण द्यायचे. खरी गंमत पुढे आहे. न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांची प्रेतं गिळतात, आणि ती गिळता गिळता त्यांचा स्वभाव बदलतो. ज्या मघाशी "या, या" म्हणून हाका मारत होत्या, त्याच आता "पुरे" म्हणू लागतात, डागडुजीची रसायनं सोडतात. माशांच्या तेलात असतात तसल्या स्निग्धाम्लांपासून शरीर 'रिझॉल्विन' नावाचे रेणू बनवतं, तेही थांबवण्याच्या कामाला लागतात. सूज आपोआप ओसरते असं आपण म्हणतो. ती ओसरवावी लागते. लग्नाचा मांडव जसा कुणीतरी शिडी लावून, दोर सोडून उतरवतो, तसा.

माझ्या सांध्यांत मांडव उतरलेला नाही. सांध्याच्या आतलं अस्तर एरवी एक-दोन पेशींइतकं पातळ असतं. आमवातात ते जाडजूड होतं: मॅक्रोफेज येऊन मुक्काम ठोकतात, टी पेशी (याही पांढऱ्या पेशीच) त्यांना चिथवतात, त्यांच्या भावंडं बी पेशी स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवत राहतात. सगळ्यांचा गलका चालतो तो टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ या रासायनिक निरोपांमधून. दुसरा निरोप यकृतापर्यंत गेला की यकृत सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन रक्तात ओतू लागतं. तोच आकडा माझ्या रिपोर्टवर ठळक छापून येतो. आणि हाड कुरतडणारी पेशी, ऑस्टिओक्लास्ट, ही मॅक्रोफेजच्याच घराण्यातली. घरच्याच माणसानं घराचा पाया उकरावा, तसं. माझ्या डाव्या मधल्या बोटाच्या एक्सरेत हाडाच्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखी एक खाच आहे. ती भरून येणार नाही.

मग हा टीएनएफच बंद करून टाकायचा ना? हेच मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियान्याचे रविंदर मैनी या संशोधकांनी १९९२ साली लंडनमध्ये करून पाहिलं आणि वर्षानुवर्षं आखडलेले रुग्ण जिने चढू लागले. माझ्याही डॉक्टरांच्या मनात ते इंजेक्शन होतं. त्याआधी मात्र त्यांनी माझ्या हातावर क्षय तपासायची मँटूची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी तिथं घट्ट, लालसर गाठ आलेली. पट्टीनं मोजली तर सोळा मिलिमीटर. "घरात कुणाला टीबी होता का?" होता. मी आठ वर्षांची असताना आजोबांना. माडीवर त्यांची खाट होती आणि मी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचे. मी विसरले होते. माझ्या टी पेशींना चाळीस वर्षांनंतरही ते आठवत होतं.

क्षयाचा जंतू मॅक्रोफेज गिळतात, पण पचवता येत नाही म्हणून भोवती आणखी पेशी गोळा होऊन तटबंदी उभी राहते. आत जंतू जन्मभर निजलेला राहू शकतो. ही तटबंदी टिकते टीएनएफच्या जोरावर. २००१ मध्ये टीएनएफ रोखणाऱ्या सगळ्यात पहिल्या औषधानंतर क्षय उफाळलेल्या सत्तर रुग्णांची नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ही तपासणी आधी करतात. म्हणजे माझ्या बोटाचं हाड खाणारा निरोप आणि आजोबांचा जंतू फुप्फुसात कोंडून धरणारा निरोप एकच. वर्गात 'चांगल्या पेशी, वाईट पेशी' असं मीच फळ्यावर लिहायचे, त्याची मला त्या दिवशी लाज वाटली.

इंजेक्शन बाजूला राहिलं आणि मी मेथोट्रेक्सेटवर आले. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री. हे औषध मूळ कर्करोगाचं. ज्या प्रयोगशाळेत ते जन्मलं तिथलं संशोधन आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव चालवत होते. फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व आणि त्याला आडवं जाणारी ही औषधं, दोन्ही त्यांच्याच हाताखाली तयार झाली. मी दोन्ही घेते, वेगवेगळ्या वारी. मेथोट्रेक्सेटची गोळी पिवळी, फॉलिक अ‍ॅसिडचीही पिवळी. एकदा औषधाच्या दुकानातल्या नव्या पोरानं मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर 'रोज १' असं लिहून दिलं. कंटाळा न करता चिठ्ठी पुन्हा वाचली म्हणून वाचले, कारण आठवड्याची गोळी रोज घेतली तर हाडांतली रक्त बनवणारी मज्जा बसते आणि माणूस जाऊही शकतो. आता पाकिटावर मी स्वतः लाल स्केचपेननं 'फक्त रविवार' लिहिते.

गुळवेलीचं राहिलंच. कोविडच्या पहिल्या वर्षी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांना आढळले. २०२१ मध्ये त्यांनी ती नोंद छापली. त्यांतल्या काहींमध्ये शरीर स्वतःच्याच यकृतावर उठल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, वनस्पती नीट ओळखली नसेल असं म्हटलं. तो वाद त्यांचा. माझ्यापुरतं म्हणाल तर मेथोट्रेक्सेटमुळे दर तीन महिन्यांनी मला यकृताचा रिपोर्ट काढावा लागतो, आणि ज्या पेशींना दाबून बसवायला मी आठवडाभर थकते त्यांना उठवणारं काही त्या काढ्यात खरंच असेल, तर ते मला नकोच आहे. नसेल तर कडू कशाला प्यायचं?

काहीच घेत नाही, हे मात्र खरं नाही. फ्लूची लस दरवर्षी घेते, न्यूमोनियाची घेतली आहे. लस पेशींना एका ठरावीक चेहऱ्याची ओळख करून देते. सगळ्यांना एकदम उठवून दारात उभं करत नाही. हे सांगितलं की वहिनी म्हणतात, "सुया चालतात, झाडपाला चालत नाही." मग मी आल्याचा चहा टाकते आणि मागच्या वेळची बाटली धुऊन परत देते. बांगडी आता दोन-सहाची लागते. पण साबण न लावता चढते.